नॅकची टीम येऊन राहिली, खरं बोलू का?

मागच्या अंकात लायब्ररी सायन्सच्या कोर्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात त्याच विषयावर पत्रं आली, आणि बहुतेक नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यातली. नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था, तिची तयारी, ॲक्रेडिटेशन म्हणजे दर्जाची मान्यता, परदेशातल्या ॲडमिशन, सगळं एकत्रच. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि हेच घेते. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी नागपुरात एमलिबच्या, म्हणजे लायब्ररी सायन्सच्या मास्टर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे, संस्थेचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. पुढच्या महिन्यात नॅकची पीअर टीम, म्हणजे बाहेरून तपासायला येणारी टीम, येऊन राहिली आणि आमच्याकडे भिंती रंगवण्यापासून सगळं सुरू आहे. आम्हाला एक टाईप केलेलं पान दिलंय, टीमनं विचारलं तर काय सांगायचं त्याचं. त्यात लिहिलंय की प्रत्येक विद्यार्थ्याला कोहावर, म्हणजे लायब्ररीच्या सॉफ्टवेअरवर, वेगळं प्रॅक्टिकल मिळते. खरं म्हणजे आम्ही २२ जण आहोत, चालू कॉम्प्युटर ४, आणि कोहा आम्ही प्रोजेक्टरवर पाहिलं तेवढंच. डीडीसीचा, म्हणजे पुस्तकांना विषयाचे नंबर लावायच्या ड्युई पद्धतीचा, सेट एकच, त्यातला तिसरा खंड शिवणीतून सुटला आहे, पानं हातात येतात. पण आमचे सर खरंच खूप चांगले आहेत हो, परमनंट ते एकटेच, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर. खरं बोललो तर त्यांनाच त्रास होईल असं वाटते, आणि खोटं बोलायला जीभ रेटत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. तो तिसरा खंड माझ्या डोळ्यासमोर आला बघ. डीडीसीच्या चार खंडांमध्ये तिसऱ्यात ६०० पासून ९९९ पर्यंतचे वर्ग असतात, म्हणजे आपलं मराठी साहित्य ८९१.४६ त्यातच आणि भारताचा इतिहास ९५४ पण त्यातच, आणि प्रॅक्टिकलला आपल्याकडे पुस्तकं जास्त करून हीच येतात, त्यामुळे सगळ्यात आधी फाटतो तो तिसराच. म्हणजे तो खंड फाटलाय याचा अर्थ तुमच्याकडे शिकवणं होते आहे. हे टीमला सांगण्यासारखं आहे, लपवण्यासारखं नाही.

पहिले माझी गोष्ट सांगते. खूप वर्षांआधी मी एका कॉलेजात लायब्रेरियन होते, नॅकची टीम यायला आठ दिवस होते आणि कळलं की वाचकांच्या भेटींचं रजिस्टर तीन वर्षांचं नाहीच, कारण कोणी ठेवलंच नव्हतं. वरून निरोप आला, भरून टाका. मी, एक अटेंडंट आणि दोन मुलं, दोन रात्री बसून आम्ही ते भरलं. कधी निळा पेन, कधी काळा, मधेच डाव्या हातानं एखादी सही. एका पानावर चहा सांडला तर अटेंडंट म्हणाला, राहू द्या मॅडम, जुनं दिसते. टीम आली, त्यातल्या एक बाई बाहेरच्या विद्यापीठातल्या प्रोफेसर होत्या, त्यांनी रजिस्टर मधूनच उघडलं आणि एका पानावर बोट ठेवून थांबल्या. त्या तारखेला ३८ वाचक लिहिले होते आणि ती तारीख लक्ष्मीपूजनाची होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर हळूच बंद करून परत दिलं. ती नजर मला अजून आठवते. मी आयुष्यभर नोंदी ठेवायचं काम केलं, ॲक्सेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, खाडाखोड झाली तर शेजारी सही करायची हे मुलांना मीच शिकवलं, आणि त्या दोन रात्री मी काय केलं.

पण खरी किंमत पुढं मोजली. रिपोर्टमध्ये लायब्ररीचा वापर उत्तम असं आलं. पुढच्या एप्रिलमध्ये मी रीडिंग रूमसाठी चार कूलर मागायला गेले, नागपूरचा एप्रिल मे तुला सांगायला नको, दुपारी त्या खोलीत मुलं बसूच शकत नव्हती, तर मला म्हटलं गेलं की मॅडम, रिपोर्टमध्ये तर सगळं छानच आहे, मग कशाला पाहिजे. माझ्याच खोट्या रजिस्टरनं माझं तोंड बंद केलं. कूलर दोन वर्षांनी आले.

म्हणून तुला सांगते, सरांना त्रास होईल तो खऱ्यानं होणार नाही. तुम्ही २२ जणांनी सांगितलं की कोहा हातानं करतो, आणि रिपोर्टमध्ये तसं आलं, तर पुढच्या बजेटमध्ये सरांनी कॉम्प्युटर मागायचे कशाच्या जोरावर? भरलेली पदं आणि मंजूर पदं यांचा हिशोब नॅकच्या फॉर्ममध्ये मागतातच, तो सरांच्या बाजूचा आकडा आहे. एकटा माणूस डिपार्टमेंट ओढतो हे बाहेरच्या माणसाच्या सहीनं कागदावर येणं हे त्यांच्यासाठी चांगलंच आहे, आणि मला तर वाटते त्यांना ते पान तुम्हाला द्यायला कोणीतरी लावलं असेल.

आता हे नॅकचं नेमकं चालते कसं ते पण समजून घे, कारण पोरांना टीम म्हणजे परीक्षक वाटते. नॅक १९९४ मध्ये झाली, ऑफिस बंगळुरूला. संस्था आधी स्वतःचा सेल्फ स्टडी रिपोर्ट देते, त्यातले आकडे तपासले जातात, मग टीम येते. २०१७ नंतरच्या पद्धतीत बराच मोठा भाग आकड्यांचा आणि उरलेला टीमनं डोळ्यानं पाहून ठरवायचा. सात निकष असतात, आणि हे ऐकून तुला वाईट वाटेल, एकूण १००० गुणांमध्ये लायब्ररी या एका मुद्द्याच्या थेट नावावर २० गुण. फक्त २०. आणि ग्रेड मिळते ती अख्ख्या संस्थेला, तुमच्या डिपार्टमेंटला नाही. ३.५१ च्या वर सीजीपीए गेला की ए प्लस प्लस, पण त्यात फिजिक्सचा किती वाटा आणि लायब्ररी सायन्सचा किती हे कोणालाच दिसत नाही. इंजिनिअरिंगला एनबीए आहे, ती एकेका कोर्सची तपासणी करते, फार्मसी मॅनेजमेंटला पण आहे. एमलिबला आपल्या देशात तशी वेगळी तपासणी कोणीच करत नाही. तुमच्या विभागाकडे कोणी बाहेरचा माणूस नीट पाहील अशी वेळ पाच वर्षांत एकदा येते, ती पण कदाचित वीस मिनिटांची. ती वीस मिनिटं पाठ केलेल्या पानावर घालवायची?

बोलायचं कसं ते सांगते. तक्रार करायची नाही, आरोप करायचा नाही, ते पान दिलं होतं हे स्वतःहून सांगायची पण गरज नाही. जे आहे ते मोजून सांगायचं. म्हणजे असं : सर, आम्ही २२ जण आहोत, चालू मशीन ४ आहेत, कोहा प्रोजेक्टरवर शिकलो, हातानं करायला मिळालं तर बरं होईल, क्लासिफिकेशनचं प्रॅक्टिकल खूप होते, त्यात आम्ही पक्के आहोत, पण सेट एक आहे आणि तिसरा खंड सुटलाय. संपलं. चांगलं आधी किंवा नंतर, पण ते पण आकड्यात. आणि एक काम आधी कर, आजच, सरांकडे जा, एकटी नको, तिघीचौघी जा, आणि म्हणा की सर आम्ही तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण कोहाचं आम्ही आहे तसं सांगू. मला वाटते ते मान खाली घालतील आणि हो म्हणतील.

दुसरं म्हणजे स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्वे, ती लिंक थेट नॅककडून विद्यार्थ्यांच्या ईमेलवर येते, तुमचे ईमेल आयडी संस्थेनं दिलेले असतात. तो स्वतः भर, स्वतःच्या फोनवर, घरी बसून. कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून भरायला लावलं तर भरू नका. त्यात कोणाचं नाव संस्थेला कळत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी वर्ध्याचा, रिटायर्ड शिक्षक. मुलीनं नागपूरला बीलिब केलं, आता तिला मास्टर्ससाठी अमेरिकेला जायचं आहे. तीन ठिकाणांहून ऑफर आली. एक एमएलआयएस, म्हणजे लायब्ररीचीच मास्टर्स, वेबसाईटवर एएलए ॲक्रेडिटेड लिहिलंय. दुसरी त्याच प्रकारची डिग्री पण तिथं कंडिशनल असं लिहिलं आहे. तिसरी इन्फर्मेशन मॅनेजमेंटची, युनिव्हर्सिटी ॲक्रेडिटेड आहे, फी सगळ्यात कमी, नागपुरातल्या बर्डीचा एजंट म्हणतो की तिन्ही एकच. कर्ज काढावं लागणार आहे, म्हणून विचारून राहिलो.

उत्तर : भाऊ, एक नाही. एजंटला कमिशन तिन्हीकडून मिळत असेल तर त्याच्यासाठी एक असेल. तुमच्यासाठी आणि मुलीसाठी तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिकडे युनिव्हर्सिटीची मान्यता वेगळी आणि लायब्ररीच्या मास्टर्स डिग्रीची मान्यता वेगळी. ही दुसरी मान्यता देते अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, एएलए, १८७६ ची संस्था, तिची एक ॲक्रेडिटेशनची समिती आहे. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको इथले प्रोग्रॅम ती तपासते. प्रोग्रॅम म्हटलं मी, युनिव्हर्सिटी नाही, आणि डिपार्टमेंट पण नाही, तर ती एक मास्टर्स डिग्री. एकाच स्कूलमध्ये चार मास्टर्स असतील तर एकच एएलएची आणि तीन नाही असं सर्रास असते. तुमची तिसरी ऑफर बहुतेक तशीच आहे. ती डिग्री वाईट असं मी म्हणत नाही, कंपनीत डेटाचं काम करायचं तर उपयोगी पडेल, पण तिकडच्या बहुतेक पब्लिक लायब्ररी आणि युनिव्हर्सिटी लायब्ररीत प्रोफेशनल लायब्रेरियनच्या जाहिरातीत एएलए ॲक्रेडिटेड मास्टर्स ही अटच लिहिलेली असते. मुलीला लायब्रेरियन व्हायचं आहे की इन्फर्मेशनच्या क्षेत्रात काहीही चालेल, हे तिला विचारा, आणि तिला विचारा म्हणजे तिलाच, घरातल्या सगळ्यांसमोर नाही. अजून एक, आय-स्कूल असा शब्द दिसेल वेबसाईटवर. ते एका संघटनेचं सभासदत्व आहे, ॲक्रेडिटेशन नाही, त्यावर भाळू नका.

आता कंडिशनल. तिथं पूर्ण तपासणी साधारण सात वर्षांनी होते आणि मधल्या काळात दरवर्षी आकडे पाठवावे लागतात. तपासणीचे पाच भाग आहेत, प्लॅनिंग, अभ्यासक्रम, शिक्षक, विद्यार्थी, आणि प्रशासन पैसा साधनं हा शेवटचा. आधी प्रोग्रॅम स्वतःचा सेल्फ स्टडी लिहितो, मग बाहेरचं पॅनल येते, त्यात शिकवणारे पण असतात आणि प्रत्यक्ष लायब्ररीत काम करणारे पण, ही गोष्ट मला फार आवडते, आपल्याकडे पण असायला पाहिजे. पॅनल जे लिहिते ते आधी प्रोग्रॅमला दाखवतात, त्यातल्या चुका दुरुस्त करायची संधी देतात, आणि निर्णय पॅनल घेत नाही, समिती घेते. समितीला कुठं कमी दिसलं तर कंडिशनल दर्जा, म्हणजे मान्यता आहे पण ठरलेल्या मुदतीत सुधारा, नाहीतर काढून घेऊ. मुलीनं कंडिशनल असताना डिग्री पूर्ण केली तर ती एएलएची डिग्रीच धरली जाते, नंतर काही झालं तरी. धोका हा की तिची डिग्री पूर्ण व्हायच्या आधीच मान्यता गेली तर. म्हणून तिनं त्या प्रोग्रॅमला सरळ ईमेल करावा : कोणत्या स्टँडर्डवर कमी पडले, समितीचं पुढचं रिव्ह्यू कधी, आणि तोपर्यंत माझी डिग्री पूर्ण होईल का. उत्तर किती मोकळं येते त्यावरून पण बरंच कळते. एएलएच्या वेबसाईटवर मान्यता असलेल्या प्रोग्रॅमची यादी आहे, प्रत्येकाचा दर्जा आणि पुढच्या रिव्ह्यूचं वर्ष पण तिथं दिसते, आणि प्रोग्रॅमनं स्वतःच्या विद्यार्थ्यांचं पुढं काय झालं याचे आकडे आपल्या वेबसाईटवर जाहीर करायचे असतात. ते पान उघडून बघा. सापडायलाच कठीण जात असेल तर तिथंच थोडं सावध व्हा.

ही पद्धत आली कुठून ते पण सांगते, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आपलं नागपूर विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, तिकडे कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी विल्यमसन नावाच्या गृहस्थांनी लायब्ररी शिक्षणाचा रिपोर्ट दिला. त्यांनी स्पष्ट लिहिलं की लायब्ररीतलं कारकुनी काम आणि प्रोफेशनल काम वेगळं आहे, त्याचं शिक्षण युनिव्हर्सिटीत व्हायला पाहिजे आणि शाळांचा दर्जा कोणीतरी तपासला पाहिजे. पुढच्याच वर्षी एएलएनं त्यासाठी मंडळ नेमलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं ते हे करून राहिले. आणि आपण मागं होतो असं पण नाही, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून बडोद्यात १९११ मध्येच लायब्ररीचं ट्रेनिंग सुरू केलं होतं. तपासायची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

पण भाऊ, मान्यता म्हणजे आयुष्यभराची हमी समजू नका. जगातलं पहिलं लायब्ररी स्कूल त्या डीडीसीवाल्या ड्युईंनी १८८७ मध्ये कोलंबियाला काढलं होतं, मधे ते ऑल्बनीला गेलं, परत कोलंबियात आलं, आणि एवढं नाव असून १९९२ मध्ये युनिव्हर्सिटीनं ते बंद केलं. म्हणून मान्यतेबरोबर युनिव्हर्सिटी त्या स्कूलमध्ये पैसा घालते आहे का, परमनंट शिक्षक किती, हे पण बघा.

परत येऊन इथं नोकरी करायची असेल तर तिनं नेट किंवा सेट आत्ताच डोक्यात ठेवावी, नेटला लायब्ररी सायन्सचा विषय कोड ५९. कॉलेजमधल्या लायब्रेरियनच्या पोस्टला ते विचारतातच. माझ्या मते पहिली ऑफर, फी झेपत असेल तर. झेपत नसेल तर एक वर्ष थांबा, नोकरी करू द्या, परत अर्ज करू द्या. स्वस्त म्हणून तिसरी घेऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी लायब्ररी सायन्स विभागात सीएचबीवर शिकवतो, तासाचे पैसे मिळतात आणि ते पण कधी कधी सहा महिन्यांनी. आता नॅकच्या फायली माझ्याकडे, प्रोग्रॅम आऊटकम, कोर्स आऊटकम (म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय येईल ते), फीडबॅक ॲनालिसिस, सगळं. मी दुसऱ्या विद्यापीठाच्या साईटवरून आऊटकम कॉपी केले आहेत, सगळे तेच करून राहिले. याच्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : सर, आधी हे म्हणते की तासाच्या पैशात शिकवणाऱ्या माणसाकडून फुकट फायली भरून घेणं हा अन्याय आहे, आणि तुम्ही किती तास त्यावर घातले ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवा. सीएचबीवाले गप्प राहतात म्हणून मंजूर पदं रिकामी राहतात आणि त्या फायली तुमच्याचकडे येतात.

आता आऊटकम. कॉपी केलेलं काढून टाका, कृपा करा. त्यात बहुतेक असं असेल की विद्यार्थ्यांमध्ये व्यावसायिक दृष्टिकोन विकसित होईल. बरं, झाला की नाही हे कसं मोजणार? त्याच्याऐवजी तुम्ही वर्गात जे खरंच करता त्याच्यातून लिहा. समजा कॅटलॉगिंगचा पेपर आहे. लिहा की विद्यार्थ्याला न पाहिलेली १० मराठी पुस्तकं दिली, त्यात एक अनुवाद, एक संपादित ग्रंथ, एक दिवाळी अंक, तर तो दोन तासांत त्यांचा वर्गांक लावेल आणि मार्क २१ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगच्या ठरलेल्या साच्यात, नोंद करेल. हा आऊटकम झाला. मग खरंच १० पुस्तकं द्या. दिवाळी अंकावर निम्मी मुलं अडतील, मी पैजेवर सांगते, कारण आपण नियतकालिकांच्या नोंदी घाईत उरकतो. तो निकाल लिहून ठेवा, कितीजण अडले ते. पुढच्या सेमिस्टरला नियतकालिकांना दोन तास वाढवा. परत तीच परीक्षा. आता किती अडले? तुमच्या फायलीत हे दोन कागद असले तर कोणतीही टीम ते वाचेल. एएलएच्या तपासणीत पण सगळा जोर याच एका प्रश्नावर असतो, की तुम्ही मोजलं, ठीक आहे, मग त्यावरून बदललं काय.

फीडबॅकचं पण तसंच. नॅक विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणारे आणि माजी विद्यार्थी यांचा फीडबॅक मागते आणि त्यावर काय केलं ते पण मागते. आपल्याकडे फॉर्म भरून घेतात, पाय चार्ट काढतात, बाईंडिंग करतात. मला असे बाईंडिंग केलेले फीडबॅक माहीत आहेत ज्यात प्रत्येक वर्षी मुलांनी ई-रिसोर्सेसचं प्रॅक्टिकल मागितलं आणि प्रत्येक वर्षी पुढच्या पानावर कार्यवाही करण्यात येईल असं लिहिलं. तुम्ही एकच वर्ष घ्या, त्यातली एकच मागणी घ्या आणि ती पूर्ण करा. नोकरी देणारे कोण असं विचाराल, तर नागपुरातले शाळा कॉलेजचे लायब्रेरियन, जिथं तुमची मुलं लागली, त्यांना फोन करा, फॉर्म पाठवू नका. ते फोनवर जे सांगतील ते फॉर्मवर कधीच लिहीत नाहीत. एकानं मला एकदा सांगितलं होतं की तुमची मुलं वर्गीकरण छान करतात पण वाचकाशी बोलायला घाबरतात, काऊंटरवर उभं केलं तर खाली मान घालून इश्शू करतात. माझ्या कोणत्याच फॉर्ममध्ये हा रकाना नव्हता.

आणि नॅकची पद्धत पण बदलून राहिली, २०२४ मध्ये ग्रेडऐवजी ॲक्रेडिटेड आहे किंवा नाही अशी बायनरी पद्धत आणायचं जाहीर झालं, त्यामुळे आत्ताचे फॉर्म उद्या राहतीलच असं नाही. पण ते दोन कागद कोणत्याही पद्धतीत लागतील.

प्रश्न : ताई, मी भंडाऱ्याच्या शाळेत लायब्ररी सांभाळते. घर आणि नोकरी बघून डिस्टन्सनं एमलिब करायचं आहे, लोक म्हणतात डिस्टन्सला किंमत नाही.

उत्तर : लोकांचं सोडा. यूजीसीनं त्या संस्थेला त्या वर्षासाठी त्या कोर्सची परवानगी दिली आहे का तेवढं यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत बघा, कोर्सचं नाव आणि वर्ष दोन्ही जुळलं पाहिजे. असेल तर डिग्री चालते. तिकडे एएलए पण ऑनलाईन आणि वर्गातला असा वेगळा दर्जा देत नाही, एकच मापदंड लावते. फक्त प्रॅक्टिकलच्या कॉन्टॅक्ट सेशनला दांडी मारू नका, ते सगळे करा, आणि तुमच्या शाळेच्या लायब्ररीत कोहा स्वतः टाकून बघा, ते फुकट आहे. शाळेतला कॉम्प्युटरवाला मुलगा मदत करेल. १००० पुस्तकांची नोंद करून झाली की मला लिहा.

प्रश्न : मॅडम, मी १५ वर्षांआधी नागपुरातूनच एमलिब केलं, आता एका कॉलेजात लायब्रेरियन आहे. जुन्या विभागातून फोन आला, नॅकच्या माजी विद्यार्थी मीटिंगला या म्हणून. जेवण आहे म्हणे. जाऊ का, आणि काय बोलू?

उत्तर : जा. रजा टाकून जा. माजी विद्यार्थ्यांच्या त्या खुर्च्या बहुतेक वेळा जवळच्या माणसांनी भरतात आणि ते येऊन आमचा विभाग म्हणजे आमचं कुटुंब असं बोलून जेवून जातात. तुम्ही जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक म्हणजे गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडे इंटरव्ह्यूला जी मुलं आली त्यांना काय येत होतं आणि काय येत नव्हतं, ते एका कागदावर. दुसरं, तुम्ही शिकत असताना जे नव्हतं ते आता आहे का, हे बघायचं. मीटिंगच्या अर्धा तास आधी पोचा आणि प्रॅक्टिकलच्या खोलीत चक्कर मारा. कॉम्प्युटर सुरू करून बघा, कोणी काही म्हणणार नाही. डीडीसीचा सेट कपाटातून काढा, २३ वी आवृत्ती २०११ ची आहे, तुमच्या वेळची २२ वीच असेल तर ते टीमला सांगा. आणि तिसरा खंड हातात घ्या. सुटला असेल तर विभागप्रमुखांना विचारा की बाईंडिंगला कधी देता, नाहीतर मी घेऊन जातो, आमच्या कॉलेजचा बाईंडर चांगला आहे.